पहाऱ्याची तपासणी

किल्ल्यांचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. तोफा ज्या बाजूला रोखलेल्या असतात त्या बाजूने किल्ला क्वचितच पडतो. 1670 च्या फेब्रुवारीत कोंढाणा मराठ्यांच्या हाती आला तो दरवाजा फोडून नव्हे, कडा चढून. रायगडच्या हिरकणीची आख्यायिका तर आपल्याकडे मुलांनाही ठाऊक आहे. संध्याकाळी दरवाजे बंद झाले, आणि घरी असलेल्या तान्ह्या मुलाच्या ओढीने ती गवळण अवघड कडा उतरून गेली. महाराजांनी तिला शासन केले नाही, तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला. आख्यायिकेची ऐतिहासिक सत्यता कितीही असो, तिच्यातले शहाणपण निर्विवाद आहे. बंदोबस्त आहे असे मानणे वेगळे आणि तो प्रत्यक्ष चालून पाहणे वेगळे.

आज आम्ही ज्या विषयाचा इतिहास सांगणार आहो, तो याच शहाणपणाचा एक आधुनिक अध्याय आहे. संगणकाचा बंदोबस्त नीट आहे की नाही हे पाहण्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या छोट्या आज्ञालेखांचा, म्हणजे शेल-स्क्रिप्टचा, हा इतिहास होय. विषय रुक्ष वाटेल. परंतु आपले बँकेतले खाते, रेल्वेचे आरक्षण, शेताचा सातबारा ही सारी आज ज्या यंत्रांच्या स्वाधीन आहेत, त्या यंत्रांच्या कड्याकपारी कोणी चालून पाहिल्या आहेत काय, हा प्रश्न कोणालाही परका नाही.

प्रथम 'शेल' म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या गाभ्याभोवती जे कवच असते, ज्याच्याशी माणूस बोलतो आणि जे त्याच्या आज्ञा गाभ्यापर्यंत पोहोचवते, ते शेल. हा शब्द फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ लुई पूझँ यांनी रूढ केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत 1963-64 च्या सुमारास त्यांनी 'रनकॉम' नावाची सोय केली होती. रोज त्याच त्या आज्ञा हाताने टंकण्याऐवजी त्या एका फाइलीत लिहून ठेवाव्या आणि ती फाइलच आज्ञेसारखी चालवावी, एवढीच ती कल्पना. कल्पना लहान, परंतु परिणाम दूरगामी झाला. आज्ञा लिहून ठेवली की ती दुसऱ्याला देता येते, वाचता येते, दुरुस्त करता येते. तोंडी हुकमाचा लेखी हुकूम झाला की कारभाराचे स्वरूप जसे पालटते, तसेच येथे झाले.

पुढे बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही कार्यप्रणाली जन्मली, आणि 1971 मध्ये तिच्या पहिल्या आवृत्तीबरोबर केन थॉम्पसन यांचे शेल आले. ते अगदी साधे होते. 'अमुक असेल तर तमुक कर' असे सांगणारी 'इफ' ही आज्ञासुद्धा शेलच्या अंगची नसून बाहेरचा एक स्वतंत्र प्रोग्राम होता. 1973 मध्ये डग्लस मॅक्इलरॉय यांच्या आग्रहाने एका प्रोग्रामचे फळ दुसऱ्याच्या ओंजळीत टाकणारी 'पाइप' आली. मग 1979 च्या सातव्या आवृत्तीत स्टीव्हन बॉर्न यांचे शेल आले, आणि खऱ्या अर्थाने एक भाषा उभी राहिली. बॉर्न हे अल्गॉल भाषेच्या परंपरेत वाढलेले. म्हणून त्यांच्या शेलमध्ये 'इफ'ने उघडलेले वाक्य 'फाय'ने मिटते, आणि 'केस'ने उघडलेले त्याच शब्दाच्या उलट्या अक्षरांनी. या न्यायाने 'डू'चा शेवट 'ओडी' असा व्हायला हवा होता. पण त्या नावाची आज्ञा आधीच अस्तित्वात असल्यामुळे तेथे 'डन' आले. आज पंचेचाळीसहून अधिक वर्षे लोटली, तरी जगभरचे कारकून-यंत्रज्ञ हे शब्द नित्य टंकीत आहेत.

येथपर्यंत सारे एका घरातले होते. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा कटकटी सुरू झाल्या. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने आपली युनिक्स वाढवली, बेल प्रयोगशाळेची मालक कंपनी 'सिस्टिम फाइव्ह' या नावाने आपली विकू लागली, आणि यंत्रे बनवणारा प्रत्येक कारखानदार स्वत:ची निराळी शाखा काढू लागला. एका गावच्या बोलीत लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या गावी कळेना. याचे सर्वांत बोलके उदाहरण 'इको' या आज्ञेचे. दिलेले शब्द पडद्यावर उमटवणे एवढेच तिचे काम. परंतु शब्दांनंतर ओळ तोडू नये असे सांगायचे झाल्यास बर्कलीत एक खूण होती आणि सिस्टिम फाइव्हमध्ये दुसरी. एकीची खूण दुसरीकडे नेली की ती खूणच पडद्यावर छापली जाई. ज्या भाषेत 'बोल' या आज्ञेचाही एक अर्थ उरला नाही, त्या भाषेत सर्वत्र चालणारी तपासणी लिहायची कशी?

या प्रश्नाला पहिले मार्मिक उत्तर लॅरी वॉल यांनी दिले. पुढे 1987 मध्ये पर्ल ही भाषा काढणारे हेच गृहस्थ. 1984 च्या सुमारास त्यांनी 'आरएन' हा वृत्तवाचक प्रोग्राम लोकांस वाटला, आणि त्याबरोबर 'कॉन्फिगर' नावाची एक शेल-स्क्रिप्ट दिली. ही स्क्रिप्ट नव्या यंत्रावर गेली की आधी त्या यंत्राची चौकशी करी. तिचे तत्त्व असे की यंत्राला त्याचे नाव-गाव विचारू नये. त्याला काय येते ते करवून पाहावे. 'तू बर्कलीचा की सिस्टिम फाइव्हचा?' असे विचारून काय उपयोग? नाव एक आणि करणी दुसरी, हे यंत्रांतही चालते. त्यापेक्षा 'इको' एकदा चालवावी, काय उमटते ते पाहावे आणि त्यावरून ठरवावे. 1991 च्या उन्हाळ्यात डेव्हिड मॅकेन्झी यांनी हेच तत्त्व धरून 'ऑटोकॉन्फ' रचले, आणि अशा चौकशीच्या स्क्रिप्ट आपोआप तयार होऊ लागल्या. बॉर्न शेलच्या मूळ आवृत्तीत आज्ञांच्या गटाला नाव देण्याची, म्हणजे 'फंक्शन'ची, सोय नव्हती. ती 1984 मध्ये आली. तरीही ज्या यंत्रांवर जुनेच शेल आहे त्यांची अडचण होऊ नये म्हणून ऑटोकॉन्फच्या कर्त्यांनी पुढे कित्येक वर्षे तिचा वापर टाळला. पंक्तीतल्या सर्वांत वृद्ध माणसाला चावेल तेच वाढावे, असा हा संयम होता.

इकडे बंदोबस्ताच्या प्रश्नाने एकाएकी उग्र रूप धारण केले. 2 नोव्हेंबर 1988 च्या संध्याकाळी कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने एक स्वयंप्रसारी प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. सुमारे सहा हजार यंत्रे त्याच्या तडाख्यात सापडली असा त्या वेळचा अंदाज होता. हा 'किडा' आत शिरला कसा, हे पाहिले म्हणजे आमच्या विषयाचे मर्म कळते. टपाल वाहणाऱ्या 'सेंडमेल' या प्रोग्रामात चाचणीपुरती ठेवलेली एक सोय पुष्कळ यंत्रांवर उघडीच राहिली होती. लोकांनी सोपे पासवर्ड ठेवले होते. किड्याजवळच्या 432 शब्दांच्या यादीतून त्यांतले कितीतरी उघडले. एका यंत्राने दुसऱ्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा अशा याद्या लिहून ठेवल्या होत्या. प्रोग्रामाच्या रचनेतला एक खरा दोषही किड्याने वापरला, हे खरे. परंतु बाकीच्या वाटा या विसरून उघड्या टाकलेल्या खिडक्या होत्या. कोणी रोज रात्री एक फेरी मारली असती, तर त्या सहज दिसल्या असत्या.

ही फेरी मारणारा पहारेकरी लवकरच आला. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात डॅन फार्मर या विद्यार्थ्याने यूजीन स्पॅफर्ड या अध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली 'कॉप्स' नावाचा संच तयार केला, आणि 1990 च्या उन्हाळ्यात यूझनिक्स संस्थेच्या परिषदेत दोघांनी त्यावरील निबंध सादर केला. कॉप्स म्हणजे एखादा अवाढव्य प्रोग्राम नव्हता. बऱ्याचशा बॉर्न शेलमध्ये लिहिलेल्या लहान तपासण्यांचा तो जुडगा होता. एक तपासणी पाही की महत्त्वाच्या फाइली कोणालाही लिहिता येतील अशा तर नाहीत ना. दुसरी पासवर्डाच्या फाइलीची रचना पाही. तिसरी, यंत्र सुरू होताना जे प्रोग्राम आपोआप चालतात ते कोणी बदलू शकेल काय, हे पाही. एकात एमआयटीचे रॉबर्ट बाल्डविन यांची 'कुआंग' नावाची पद्धती होती. अमुक माणसाला तमुक फाइल लिहिता येते, त्या फाइलीतून दुसऱ्याचे अधिकार मिळतात, असे करीत करीत सर्वाधिकारापर्यंत शिडी लागते काय, याचा ती शोध घेई. हिरकणीचा कडा शोधण्याचेच हे काम!

कॉप्सच्या दोन गुणांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. पहिला असा की कॉप्स काहीही दुरुस्त करीत नसे. तो फक्त अहवाल देई. त्यामुळे तो चालवण्यासाठी सर्वाधिकाऱ्याची किल्ली हाती देण्याची गरज नव्हती, आणि चौकशी करणाराच घरात मोडतोड करील ही भीतीही नव्हती. दुसरा गुण जरा सूक्ष्म आहे. पहारेकऱ्याने आपली हत्यारे कोठून घ्यावी? स्क्रिप्टने नुसते 'यादी दे' म्हटले, तर शेल ती आज्ञा ठरलेल्या जागांतून शोधते, आणि वाटेत कोणी त्याच नावाचा खोटा प्रोग्राम ठेवला असेल तर तोच चालतो. म्हणून प्रत्येक हत्याराचा पुरा पत्ता लिहावा हे सुरक्षित. परंतु पुरा पत्ता यंत्रागणिक निराळा! सर्वत्र चालण्याची सोय आणि सुरक्षितता यांचे असे भांडण जुंपले. कॉप्सने तोड काढली ती अशी की आरंभी एक वेगळी स्क्रिप्ट त्या यंत्रावरचे खरे पत्ते शोधी आणि बाकीच्या स्क्रिप्टांत ते भरून ठेवी. जे बदलते ते एका जागी बांधून ठेवावे आणि बाकीचे अचल राखावे, हा देखभालीचा धडा यातच आला.

कॉप्समागून इतर आले. 1992 च्या ऑगस्टमध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या यंत्रांत घुसखोरी झाली, तेव्हा तेथल्या लोकांनी 'टायगर' हा तसाच संच रचला. 2007 मध्ये नेदरलँड्सच्या मायकेल बूलेन यांनी 'लिनिस' काढले. तेही साध्या शेलमध्येच लिहिलेले असून आजही वापरात आहे. याच काळात भाषेलाही व्याकरण मिळाले होते. 'पॉझिक्स' या नावाने 1988 मध्ये युनिक्सच्या गाभ्याचे प्रमाण ठरले आणि 1992 मध्ये शेल व तिच्या आज्ञांचे. 'इको'चे भांडण मिटत नाही असे पाहून तेथे 'प्रिंटएफ' ही नि:संदिग्ध आज्ञा प्रमाण ठरली. पण व्याकरण लिहिल्याने बोली थांबत नाहीत. ब्रायन फॉक्स यांनी 1989 मध्ये केलेले 'बॅश' हे शेल लिनक्सबरोबर घरोघर पोहोचले. त्याच्या खास लकबी वापरून लोक लिहू लागले, मात्र स्क्रिप्टच्या माथ्यावर नाव घालीत ते मूळ शेलचे. ऑक्टोबर 2006 मध्ये उबुंटू या लिनक्सने त्या नावाच्या जागी 'डॅश' हे छोटे, काटेकोर शेल बसवले, आणि वर्षानुवर्षे 'सर्वत्र चालते' म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी स्क्रिप्ट एका रात्रीत अडखळल्या. चूक डॅशची नव्हती. जे आपल्या अंगणात चालते ते जगात चालते, हा समज चुकीचा होता.

आता तपासणी करणारी स्क्रिप्ट इतर स्क्रिप्टांहून वेगळी का, ते सांगितले पाहिजे. काम करणारी स्क्रिप्ट बिघडली तर काम होत नाही आणि बिघाड कळतो. तपासणी करणारी बिघडली तर ती पुष्कळदा 'सर्व ठीक' म्हणते. आणि ते ऐकून आपण निर्धास्त झोपतो.

एक साधे उदाहरण घेऊ. सर्वाधिकाऱ्याला दूरवरून थेट प्रवेश नसावा, असा नियम आहे. त्याची नोंद एका फाइलीत असते. स्क्रिप्ट लिहिणारा म्हणतो: फाइलीत 'प्रवेश द्या' ही ओळ 'ग्रेप' या आज्ञेने शोधा; सापडली नाही तर 'ठीक' असे छापा. हे वाचायला बिनतोड वाटते. परंतु ग्रेपला तीन उत्तरे देता येतात. सापडले तर शून्य, सापडले नाही तर एक, आणि शोधताच आले नाही तर एकाहून मोठा आकडा. फाइल त्या जागी नसेल किंवा वाचण्याचा अधिकार नसेल तर तिसरे उत्तर येते, आणि आमचा लेखक त्यालाही 'सापडली नाही' समजून 'ठीक' छापतो. पहारेकऱ्याला दाराशी जाताच आले नाही, आणि त्याने वहीत लिहिले की दार बंद आहे! बरे, फाइल वाचता आली तरी तेवढ्याने भागत नाही. ती ओळ नुसती टीप म्हणून लिहिलेली असेल. ओळ मुळीच नसेल तर प्रोग्रामचा स्वत:चा ठराव लागू होतो, आणि तो आवृत्तीगणिक बदलतो. ओपनएसएसएच या प्रचलित प्रोग्रामात 2015 पर्यंत तो ठराव पासवर्डनेही प्रवेश देण्याचा होता. त्या वर्षीच्या सातव्या आवृत्तीपासून पासवर्डने देऊ नये असा झाला. म्हणजे त्याच फाइलीचा अर्थ दोन यंत्रांवर दोन. यास्तव तपासणीला तीन उत्तरे हवीत: ठीक, ठीक नाही, आणि सांगता येत नाही. हे तिसरे उत्तर देण्याचा प्रामाणिकपणा ज्या स्क्रिप्टमध्ये नाही, ती कितीही यंत्रांवर चालली तरी विश्वासाला पात्र नाही.

दुसरा धोका शब्दांच्या फाळणीचा. शेलला मोकळी जागा दिसली की ती तेथे शब्द तोडते. नाव अवतरणचिन्हांत ठेवले नाही तर एका नावाची दोन होतात. नोव्हेंबर 2001 मध्ये अ‍ॅपल कंपनीच्या आयट्यून्स 2 च्या स्थापनेची स्क्रिप्ट नेमकी येथे घसरली. ज्यांच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती, अशा काहींच्या डिस्कवरची सारी माहिती पुसली गेली. दोन अवतरणचिन्हांची ही किंमत!

तिसरा धोका आपल्या घराजवळचा आहे. यंत्राची भाषा मराठी ठेवली तर तारीख सांगणारी आज्ञा महिन्याचे नाव मराठीत सांगते. जी स्क्रिप्ट इंग्रजी महिन्याची तीन अक्षरे शोधत बसली असेल, तिला 'जानेवारी' दिसूनही दिसत नाही, आणि ती म्हणते की नोंदच नाही. यावर उपाय मराठी काढून टाकण्याचा नव्हे. स्क्रिप्टने आरंभीच आपल्यापुरती प्रमाण भाषा ठरवून घ्यावी, म्हणजे ती कोल्हापुरात चालेल आणि कोपनहेगनमध्येही.

येथवर अनवधानाच्या गोष्टी झाल्या. परंतु इतिहास अधिक कठोर आहे. सप्टेंबर 2014 मध्ये स्टेफान शाझला यांनी बॅश शेलमध्येच एक दोष शोधून काढला. बाहेरून आलेल्या मजकुरात दडवलेली आज्ञा बॅश बिनदिक्कत चालवीत असे, आणि हे 1989 पासून, म्हणजे पंचवीस वर्षे, तसेच होते. ज्या हत्याराने पहारे तपासायचे, ते हत्यारच फुटके निघाले.

आणि 29 मार्च 2024 रोजी तर याहून चमत्कारिक प्रकार उघडकीस आला. लिनक्सवर सर्वत्र असलेल्या 'एक्सझेड' या संक्षेपकाच्या कारभारात एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोनअडीच वर्षे सेवा करून विश्वास मिळवला होता. मग त्याने चोरवाट ठेवली, ती कोठे? प्रोग्रामाच्या उघड्या मजकुरात नव्हे. यंत्राची चौकशी करणाऱ्या त्या 'कॉन्फिगर' स्क्रिप्टच्या सामग्रीत आणि चाचणीच्या फाइलींत तिचे तुकडे लपवले होते. वॉल आणि मॅकेन्झी यांच्या प्रामाणिक परंपरेतली ही चौकशी आता हजारो ओळींची, यंत्राने लिहिलेली आणि कोणीही न वाचलेली अशी झाली होती. चोराला असाच काळोख हवा असतो. त्याच प्रकरणात आणखी एक बारीक कारवाई दिसली. संरक्षणाची एक सोय यंत्रावर आहे काय, हे पाहणाऱ्या दुसऱ्या एका चौकशीत एक टिंब घातलेले होते. त्या टिंबामुळे ती चाचणी नेहमीच फसे, 'सोय नाही' असे उत्तर येई, आणि संरक्षण निमूटपणे गळून पडे. ही चोरवाट पकडली ती आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. दूरप्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, या कुतूहलापोटी.

या घटनेपुढे क्षणभर थांबले पाहिजे. एक टिंब! पण ते दिसायचे तर कोणीतरी ती ओळ वाचायला हवी, आणि ती वाचण्याजोगी असायला हवी. देखभाल म्हणजे केवळ नंतरची दुरुस्ती, असे आपण समजतो. तपासणीच्या बाबतीत देखभाल म्हणजे दुसऱ्या माणसाला ती समजणे. जी स्क्रिप्ट तिच्या कर्त्यावाचून कोणाला कळत नाही, तिचा कर्ता नोकरी सोडून गेला की ती मंत्रासारखी होते. लोक श्रद्धेने म्हणतात, अर्थ विचारीत नाहीत. म्हणून या इतिहासातून जे नियम निघतात ते पांडित्याचे नाहीत. एका स्क्रिप्टने एकच गोष्ट पाहावी. प्रमाण शेलचे शब्द वापरावे आणि लकबी टाळाव्या. नाव विचारण्याऐवजी करणी पाहावी. जे बदलते ते एका जागी ठेवावे. पाहणाऱ्याने दुरुस्तीला हात घालू नये. 'सांगता येत नाही' हे स्पष्ट सांगावे. आणि प्रत्येक तपासणी एकदा मुद्दाम बिघडवलेल्या यंत्रावर चालवून, ती ओरडते की नाही हे पाहावे. कारण जी घंटा कधी वाजलेली कोणी ऐकली नाही, तिच्यात लोळी आहे की नाही कोणास ठाऊक?

या नियमांपैकी एकही नवा नाही. कॉप्समध्ये त्यांतले पुष्कळसे होते, आणि 1979 च्या भाषेत ते लिहिता येत होते. त्यानंतर यंत्रे हजारो पटींनी वेगवान झाली, परंतु वाचणारा माणूस तोच आहे. त्याचे डोळे, त्याचा कंटाळा आणि त्याचा विश्वास तेवढाच आहे. म्हणून दहा ओळींची, स्वच्छ, सर्वांना कळणारी तपासणी आजही मोलाची ठरते. गडावर बुरूज किती, याची गणती बखरीत मिळते. रात्री फेरी मारून आलेला माणूस वहीत काय लिहितो आणि ते लिहिणे दुसऱ्या दिवशी दुसरा कोणी वाचतो काय, यावर गडाची झोप अवलंबून असते.